अल्याड शिवडी, पल्याड चिर्ले

तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो आकडा भरतीच्या तासाचा. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरलेलं, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. तिथून सहा तास मोजले की सुकती. हा हिशेब मला मामाने शिकवला, भाऊच्या धक्क्यावर, मोऱ्याच्या लाँचची वाट बघत बसलेलो असताना. शाळेत पाढे घोकून घेतले होते. ते समुद्रालाही लागू पडतात हे तिथे कळलं.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, पाणी दुपारी वर चढतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पार दूर जातं. मुंबईत दिवसभर राबलेल्या माणसांची घरी परतायची नेमकी हीच वेळ. उरणकडच्या मोऱ्याच्या बंदरात गाळ इतका, की पाणी गेलं की लाँच धक्क्याला लागत नाही. मग फेऱ्या बंद. मामा शिवडीच्या एका गिरणीत होता. आठवडाभर चाळीत राहायचा, शनिवारी गावी जायचा, आणि शनिवारची तिथी सोमवारीच बघून ठेवायचा. तरी कधी अडकायचाच. धक्क्यावर शेंगदाण्यांची पुडी सोडून बसायचं. समोर घारापुरीचा डोंगर, त्याच्या मागे आपलं गाव, आणि मध्ये पुरेसं पाणी नाही म्हणून जाता येत नाही. गोष्टींतली माणसं पाणी आडवं आलं म्हणून थांबतात. आमची माणसं पाणी नसल्यामुळे थांबत.

त्याच खाडीवर, घारापुरीच्या उत्तरेला, आता पूल आहे. 'अटलबिहारी वाजपेयी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू' हे त्याचं पूर्ण नाव. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचं उद्घाटन केलं आणि दुसऱ्या दिवशी तो वाहनांना खुला झाला. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साधारण १६.५ किलोमीटर पाण्यावर. जायला तीन मार्गिका, यायला तीन. खर्च सुमारे १७,८४० कोटी रुपये. देशातला सगळ्यात लांब सागरी पूल. मामा तो बघायला राहिला नाही.

मी पहिल्यांदा त्यावरून गेलो ते मामेभावाच्या गाडीतून. तो द्रोणागिरीत कंटेनरच्या एका गोदामात काम करतो. त्या दिवशी मुंबईत काही कागद द्यायला आला होता. शिवडीला गोदामांच्या आणि बंदराच्या जुन्या रुळांच्या गर्दीतून रस्ता वर उचलला गेला आणि खाली चिखल दिसू लागला. हा चिखल मुंबईकरांना ठाऊक आहे तो रोहित पक्ष्यांमुळे. १९९०च्या दशकापासून हिवाळ्यात हजारोंनी येणारे हे पक्षी सुकतीला चिखलात चोची घालून शेवाळ टिपत असतात. पुलाच्या या भागाला आवाज अडवणाऱ्या भिंती लावलेल्या आहेत. पुढे डाव्या हाताला तुर्भ्याचा डोंगर आणि भाभा अणुसंशोधन केंद्र येतं, तिथे नजर अडवणारे पडदे आहेत. बराच वेळ आपण समुद्रावर असूनही समुद्र एका बाजूने झाकलेला असतो. उजवीकडे मात्र मोकळं. जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, आणि त्यांच्या मागे घारापुरी, लहानपणापासून बघितलेली, पण उलट्या बाजूने. तिची ही पाठ मी कधी पाहिली नव्हती.

मामेभाऊ गप्पच होता. वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, तो ऐंशीवर चालला होता. घारापुरी मागे पडू लागली तेव्हा वडिलांच्या आठवणीने एवढंच म्हणाला, "आबा असते तर तिथी कशाला बघितली असती?" मी घड्याळाकडे बघितलं. चिर्ल्याला उतरायला वीस मिनिटंही लागली नव्हती.

ही वीस मिनिटं खरी आहेत आणि ती फार मोठी गोष्ट आहे. ज्यांनी भाऊच्या धक्क्यावर रात्री काढल्या, बाळंतीण किंवा आजारी माणूस लाँचमध्ये घालून मुंबईच्या इस्पितळात नेलं, त्यांच्यासमोर या पुलाला नावं ठेवायची माझी छाती नाही. या पाण्याने माणसं घेतलेली आहेत. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारीचा सण घरी करायला निघालेले चाकरमानी त्यात पुष्कळ होते. आमच्या आजीच्या तोंडी 'रामदास बुडाली त्या साली' ही कालगणना होती, स्वातंत्र्याचं साल तिला वेगळं सांगावं लागायचं नाही. आणि अगदी अलीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये, पूल होऊन वर्ष भरत आलेलं असताना, घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसं दगावली. पाण्यावरून जाणारी वाट अजून चालू आहे, तिचे धोकेही.

मुंबईला पलीकडे जायची घाई नवी नाही. हे शहर बेटांचं, त्यामुळे त्याचा इतिहास बराचसा बांधांचा आणि पुलांचा इतिहास आहे. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरा झाला. माहीमची खाडी तेव्हा होड्यांनीच ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सरकार पैसे घालीना, तेव्हा लेडी जमशेटजी, म्हणजे आवाबाई जीजीभाई, यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर पथकर घ्यायचा नाही. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. त्याच दशकात भाऊ अजिंक्य यांनी बोटींसाठी धक्का बांधला. मूळ धक्का मागे पडला, नाव टिकलं. १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याच्या खाडीवरून पलीकडे गेली. पूर्वेकडे वाशीचा रस्त्याचा पूल व्हायला मात्र १९७३ साल उजाडलं, ऐरोलीच्या पुलाला १९९९. आवाबाईंची ती अट मला या सगळ्यात फार मोलाची वाटते. पूल कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी पैसे देतानाच विचारला होता.

उरणच्या बाजूच्या पुलाची कल्पना कागदावर आली ती १९६३च्या सुमारास. विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागारांनी मुंबईच्या रस्तेवाहतुकीचा अभ्यास केला, त्यात उरण पूल होता. किती वाहनं जातील याचा भरवसा नसल्याने तो पुढच्या अभ्यासावर सोडण्यात आला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात मांडलं की मुंबईने उत्तरेला लांबत जाण्यापेक्षा पूर्वेला, खाडीपलीकडे, दुसरं शहर वसवावं. सरकारी कचेऱ्याच तिकडे न्याव्यात, म्हणजे माणसं त्यांच्या मागे जातील. मार्च १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. कचेऱ्या मात्र गेल्या नाहीत. मंत्रालय जागचं हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून मनोरे उभे राहिले. शहर पलीकडे गेलं ते आधी घरांच्या रूपाने, आणि मग त्या घरातल्यांना रोज अलीकडे आणायचं कसं हा प्रश्न कायमचा झाला.

या पुलाचं घोडं पुढची चाळीस वर्षं कधी पैशावर, कधी आराखड्यावर, कधी कोणत्या खात्याने बांधायचा यावर अडलं. २००८ सालच्या निविदा तर अजून लोकांच्या लक्षात आहेत. पूल बांधून पथकरातून पैसे वसूल करायला किती काळ लागेल असं विचारलं, तर एका बोलीदाराने ९ वर्षं ११ महिने सांगितले आणि दुसऱ्याने ७५ वर्षं. दोन्ही बोली एकाच पुलासाठी! निविदा रद्द झाल्या. नंतर काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे, आलं. २०१३ मध्ये खासगी भागीदारीसाठी पुन्हा बोलावलं तर बोली लावायला कोणीच आलं नाही. शेवटी जपानच्या 'जायका' संस्थेचं कर्ज घेऊन सरकारी पैशातून बांधायचं ठरलं. डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन, २०१८ मध्ये प्रत्यक्ष काम, मध्ये करोनाची दोन वर्षं.

बांधणीची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण माझ्या मते पुलाचा खरा स्वभाव तिच्यात आहे. शिवडीच्या बाजूला सुकतीला बोट चालत नाही आणि भरतीला यंत्र उभं राहत नाही. म्हणून आधी चिखलावरून तात्पुरता पूल टाकला, आणि त्या पुलावर उभं राहून खरा पूल बांधला. खांबांसाठी गाळातून थेट खडकापर्यंत भोकं पाडायची. ती पाडताना आवाज आणि हादरे कमी व्हावेत म्हणून आपटणाऱ्या यंत्रांऐवजी फिरतं यंत्र वापरलं, जे खडक कापत जातं आणि चुरा पाण्यासोबत वर ओढून घेतं. पक्ष्यांवर काय परिणाम होतो हे बघायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक होते.

पुलाचा बहुतेक भाग काँक्रीटच्या पोकळ पेट्यांचा आहे. किनाऱ्यावर ओतलेले तुकडे एकामागोमाग एक जोडायचे आणि आतून तारा ताणून आवळायचे. पण खाडीचा तळ रिकामा नाही. पीरपाव जेट्टीकडे जाणाऱ्या तेलाच्या आणि वायूच्या वाहिन्या, विजेच्या आणि संदेशवहनाच्या केबली तिथे पुरलेल्या आहेत, जहाजांचे मार्ग आहेत. तिथे खांब रोवता येत नाहीत. दोन खांबांत अंतर वाढवावं लागतं, काही ठिकाणी १८० मीटरपर्यंत. इतक्या लांबीला काँक्रीट स्वतःच्याच वजनाने बेजार होतं. म्हणून तिथे पोलादी गाळे घातले, ज्यांना अभियंते ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक म्हणतात. रस्त्याखालच्या पोलादी पत्र्याला खालून उभ्याआडव्या पट्ट्या डकवलेल्या असतात. पत्रा रस्त्याचं तळही होतो आणि भारही पेलतो, त्यामुळे वजन कमी होतं. भारतात हे तंत्र पहिल्यांदा इथे वापरलं. असे सत्तर गाळे या पुलाला आहेत. त्यांचे भाग परदेशांतून जहाजाने आले आणि उरणजवळ करंजाच्या किनाऱ्यावर जोडले गेले. मोठ्यातला मोठा गाळा अडीच हजार टनांच्या घरातला. तो बार्जवर चढवून खाडीतून आणायचा, दोन खांबांच्या मध्ये नेमका धरायचा आणि वर बसवायचा. बार्जच्या हालचाली भरती-सुकतीवर बांधलेल्या होत्या, आणि पावसाळ्यात समुद्रातली पुष्कळशी कामं बंद. म्हणजे मामाचा तिथीचा हिशेब जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या अभियंत्यांनाही चुकला नाही.

ज्या करंजात पोलाद उतरलं ते कोळ्यांचं बंदर आहे. खाडीकाठी उलट दिशेने आलं की न्हावा, न्हावाखाडी, गव्हाण, बेलपाडा अशी आगरी-कोळ्यांची वस्ती लागते. मामीचं माहेर याच पट्ट्यातलं. तिच्या घरी पूर्वी मोठी होडी नव्हती, बोकशी लावायचे. बोकशी म्हणजे पिशवीसारखं लहान जाळं, खाडीत खुंट्यांना बांधून ठेवायचं. पाणी वाहतं तसा मासा आपण होऊन आत शिरतो. मोठ्या समुद्रातलं डोलजाळंही याच तत्त्वावर चालतं. माणूस माशामागे धावत नाही, प्रवाहाची वाट बघतो. त्यामुळे प्रवाह बदलला, गाळ सरकला, पाणी गढूळ झालं की सगळा हिशेब मोडतो. बायका सुकतीला गुडघाभर चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या, कालवं धरत. बाजारात विकलं ते पैसे त्यांच्या हातात. या धंद्याला सातबारा नाही, पगारपत्रक नाही. नुकसान दाखवायचं तर कागद कुठला आणायचा?

बांधकामाच्या काळात खाडीकाठच्या मच्छिमारांनी भरपाईसाठी आंदोलनं केली. वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की बाधित मच्छिमारांना भरपाई मिळाली पाहिजे आणि त्यासाठी राज्याने धोरण करावं. अटल सेतूसाठीही भरपाई दिली गेली, पण कोण बाधित आणि किती बाधित, यावरून घराघरांत आणि गावागावांत वाद उरले. ज्याच्या नावावर होडीची नोंद आहे त्याला काहीतरी सांगता येतं. चिखलात उतरणाऱ्या बाईची नोंद कुठे असते? मी मामीला पुलाबद्दल विचारलं तेव्हा ती सुकं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गारी वरनं जाते, होरी खालनं जाते. दोगांची गाठ कवा पराची?" आमच्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडीची गारी, होडीची होरी. तिचं बोलणं तक्रारीच्या सुरातलं नव्हतं. सुपातले खडे बाजूला काढावेत तसं तिने ते बाजूला काढून ठेवलं.

गाठ पडत नाही हे अगदी शब्दशः खरं आहे. या पुलावर मोटरसायकलला जायला परवानगी नाही, रिक्षाला नाही, ट्रॅक्टरला नाही. पायी चालायला वाट नाही. उरण-पनवेलच्या गावांत घरटी मोटरसायकल आहे, चारचाकी नाही. खुला झाल्याच्या पहिल्या आठवड्यात लोक गाड्या थांबवून कठड्यापाशी फोटो काढू लागले, पोलिसांना दंड करावा लागला. फोटो काढणाऱ्यांना लोकांनी खूप नावं ठेवली. धोका होताच, ते चूकच होतं. पण मला त्या माणसांचं समजतं. साठ वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं त्या पुलावर क्षणभर आपल्या पायांनी उभं राहावं, वाऱ्याला तोंड द्यावं, आपलं गाव इथून कसं दिसतं ते बघावं, ही इच्छा साधी आहे. ती पुरवणारी एकही जागा सबंध पुलावर ठेवलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रविवारी मॅरेथॉनसाठी पूल वाहनांना बंद ठेवला, तेव्हा हजारो लोक त्यावरून धावले. म्हणजे तो पायांना सोसतो.

मोटारीला एका बाजूचे २५० रुपये पथकर, जाऊन-येऊन ३७५. सरकारचं म्हणणं असं की इंधन आणि वेळ वाचतो, त्या हिशेबाने हा दर कमीच आहे. मुंबई-पुणे करणाऱ्याला ते पटेलही. रोज जाणाऱ्या कारकुनाला नाही. नियोजनात रोज सुमारे सत्तर हजार वाहनांची अपेक्षा होती. पहिल्या वर्षाची सरासरी बावीस-तेवीस हजारांच्या आसपास राहिली. हा आकडा लोक पुलाच्या अपयशाचा म्हणून सांगतात. मला तो दराचा आकडा वाटतो, आणि अजून न झालेल्या जोडरस्त्यांचा. शिवडीला उतरलं की पश्चिमेकडे जायला वाट नाही. शिवडी-वरळी उन्नत मार्गाचं काम अजून चालू आहे आणि त्यासाठी परळ-प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करून पाडायला घेतला. तिथल्या चाळींतल्या माणसांनीही आपल्या घरांचं काय होणार म्हणून रस्ता अडवला होता. एका पुलाची मुळं शहरात किती लांबवर जातात!

सार्वजनिक वाहतूक या पुलावर आली, पण उशिरा आणि थोडी. फेब्रुवारी २०२४ पासून एसटीच्या काही शिवनेरी गाड्या या मार्गाने पुण्याहून मंत्रालयाकडे येऊ लागल्या. त्यानंतर बेस्टची बेलापूर-कफ परेड वातानुकूलित बस, मग नवी मुंबईच्या परिवहन सेवेच्या गाड्या. पूल आखतानाच मधली एक मार्गिका बसला राखली असती, दर दहा मिनिटांना उरणहून, उलव्याहून, चिर्ल्याहून बस सुटली असती आणि तिचा पथकर माफ असता, तर आज सत्तर हजार माणसं सहज गेली असती. वाहनं मोजणाऱ्यांनी माणसं मोजावीत, एवढीच माझी मागणी आहे. आणि ती अजूनही करता येण्याजोगी आहे.

१२ जानेवारी २०२४ या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जिची बातमी पुलाच्या सावलीत झाकली गेली. उरणची लोकल सुरू झाली. खारकोपरपर्यंत आलेली गाडी त्या दिवशी न्हावाशेवा, द्रोणागिरी करत उरणला पोचली. सुमारे २७ किलोमीटरचा हा मार्ग, त्याची वाट उरणकरांनी तितकीच वर्षं बघितली होती. नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते, वेळ पुलापेक्षा कितीतरी जास्त जातो, पण तिकीट दोन आकडी. माझी मामेबहीण नेरूळच्या कॉलेजात त्याच गाडीने जाते. तिच्या मैत्रिणी, फळं-भाजी घेऊन जाणाऱ्या बायका, गोदीतले हमाल, सगळे त्याच गाडीत. मोरा-भाऊचा धक्का लाँचची गर्दी तेव्हापासून ओसरली. मला विचाराल तर उरणचं अंतर त्या दिवशी खरं कमी झालं ते रुळावरून.

आता जमिनीचं. पूल जिथे उतरतो त्या चिर्ल्यापासून जासई अगदी शेजारी. जासई हे दि. बा. पाटलांचं गाव. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भातखाचरं, मिठागरं, खारबंदिस्तीने राखलेली शेतं. जो भाव देऊ केला तो कवडीमोल होता. शेतकऱ्यांनी दि. बां.च्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाट्यावर आणि १७ जानेवारीला नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला. धुतूम आणि पागोटे या गावांतले पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन मूळ मालकाला परत द्यायची, हे तत्त्व या लढ्यातून पुढे आलं आणि नंतर राज्यात इतरत्रही त्याचा दाखला दिला गेला. मामा तेव्हा गिरण्यांचा संप फसल्यावर गावी येऊन राहिला होता आणि त्या गर्दीत होता. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. दरवर्षी १६ जानेवारीला सकाळी आंघोळ करून स्मारकावर जाऊन यायचा, एवढंच.

पुलाचं उद्घाटन झालं त्यानंतर चौथ्या दिवशी त्या गोळीबाराला चाळीस वर्षं पूर्ण झाली. दास्तान फाट्यावर नेहमीसारखी माणसं जमली.

पूल झाल्यापासून गावांत जमिनीशिवाय दुसरा विषय नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना काढली आणि नियोजनाचं काम एमएमआरडीएकडे दिलं. ३२३ चौरस किलोमीटर. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. हजारो हरकती नोंदवल्या गेल्या. यादीतलं चिरनेर हे १९३०च्या जंगल सत्याग्रहाचं गाव, तिथेही गोळ्या झेलून माणसं गेली होती. ९५ गावांचा हिशेब अजून मिटलेला नाही, साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळायचे राहिलेली कुटुंबं अजून खेटे घालताहेत, आणि १२४ गावांची नवी यादी आली. पलीकडे नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरपासून सुरू झाला. त्याला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून जून २०२१ मध्ये, करोनाच्या भर काळात, याच गावांतल्या माणसांनी मैलोन्‌मैल मानवी साखळी केली होती. जमीन गेली तरी निदान नाव राहावं, ही भावना बाहेरच्याला भाबडी वाटेल. ज्याच्या सातबाऱ्यावरचं नाव पुसलं गेलं आहे त्याला ती तशी वाटत नाही.

मामेभाऊ हरकतीच्या सुनावणीला जाऊन आला होता. त्याच्या वाटणीला आता सव्वा एकर उरली आहे, घरामागची. दलाल आठवड्याला एकदा तरी येतो आणि प्रत्येक वेळी नवा भाव सांगतो. "पुलावरनं वीस मिन्टात आला बोलतो," मामेभाऊ म्हणाला. त्याला विकायचं नाही आणि ठेवून काय करायचं तेही कळत नाही. शेजारच्या दोन शेतांत खाडीचं पाणी शिरतं, कारण बांध राखायला माणसं उरली नाहीत. खारबंदिस्ती हे एकट्याचं काम नसतं. सगळ्या गावाने मिळून उघाड्या सांभाळायच्या असतात, भरतीला झडप लावायची, सुकतीला उघडायची. अर्ध्या गावाने शेत सोडलं की उरलेल्या अर्ध्याचं मीठ होतं.

मी यावेळी तीन दिवस राहिलो. निघायच्या दिवशी मामेभाऊ म्हणाला की गाडीने पुलावरून सोडतो, अर्ध्या तासात शिवडी. मी म्हटलं, लाँचने जातो, बऱ्याच वर्षांत गेलो नाही. मामीने सुक्या जवळ्याची पिशवी दिली आणि ती वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळली, मुंबईकरांना वास लागू नये म्हणून.

मोऱ्याला पोचलो तेव्हा साडेपाच वाजत होते. धक्क्यावर दहा-बारा माणसं, दोन पाट्या, एक सायकल. पायऱ्यांचं शेवाळ अजून ओलं आणि उघडं होतं, लाँच लांब पाण्यात उभी. तिकीटखिडकीवरच्या माणसाने बसा म्हणून हात केला. मी तिथी आठवली. त्रयोदशी. तेरा त्रिक एकोणचाळीस, चाराने भागले की पावणेदहा. भरती रात्री पावणेदहाला, म्हणजे सुकती पावणेचारला होऊन गेली. बाजूच्या म्हातारबाबांना विचारलं, अजून किती वेळ लागेल? त्यांनी खालच्या पायरीकडे बोट दाखवलं. तिच्या कडेला पाणी लागलं होतं, आणि आम्ही बघत असतानाच ते तिच्यावर चढलं.